पिवळ्या टॉवेलची ड्यूटी

आपण कुणाच्या बापाला भीत नाही, असं काकू सगळ्यांना छातीठोकपणे सांगत, आणि ते खोटं नव्हतं. कुणाच्या बापाला त्या खरंच भीत नव्हत्या. बाकी सगळ्याला भीत. कुकरच्या शिट्टीला, लिफ्टच्या हिसक्याला, अनोळखी नंबरवरून येणाऱ्या फोनला, आणि मांजर उगाच एका कोपऱ्याकडे टक लावून बसलं तर त्या कोपऱ्याला. झोपण्याआधी गॅस बंद आहे का ते बघत आणि अंथरुणाला पाठ टेकली की आपण नक्की बघितलं का, हे बघायला पुन्हा उठत. त्यांच्या मते याला भीती म्हणत नाहीत, काळजी म्हणतात. भित्री माणसं वेगळी असतात.

पुरावा म्हणून त्या आपला धंदा पुढे करत. उमेदीची सगळी वर्षं काकूंनी लोकांच्या घरी पडदे शिवून बसवले. केवढाल्या खिडक्या, केवढाल्या शिड्या! शिडीच्या टोकावर उभं राहून तोंडात हूक धरून काम करणारी बाई भित्री कशी असेल? युक्ती एवढीच की शिडीवर चढलं की खाली बघायचं नाही, पडद्याकडे बघायचं. काकूंनी पुढे सगळं आयुष्यच या युक्तीवर काढलं. नवरा गेला, दुकान दुसऱ्याच्या हातात गेलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण काकू पडद्याकडे बघत राहिल्या. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं ते दोन खोल्यांचं घर, गॅलरीतल्या कुंड्या, सकाळचा पहिला चहा उभ्यानं आणि दुसरा बसून. यात त्यांचं छान चाललं होतं.

खरी भीती त्यांना एकाच गोष्टीची होती. लेकीच्या घराची.

लेक गुणाची होती आणि सगळी अडचण तिथेच होती. नाठाळ असती तर नाही म्हणता आलं असतं. ती एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. कुठे काय पडेल, कोण घसरेल, काय पेटेल हे आधीच ओळखायचा पगार तिला मिळायचा आणि घरी आल्यावर हेच काम ती फुकट करायची. आईसाठी तिनं तिच्याकडे एक खोली कधीची तयार ठेवली होती. त्या खोलीची खिडकी उघडत नसे, पडद्याऐवजी बटण दाबलं की खाली येणाऱ्या पट्ट्या होत्या आणि संडासात धरायला तीन बाजूंनी दांडे. काकू ती खोली एकदाच बघून आल्या, आणि त्यानंतर आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. पट्ट्या! पडदेवालीच्या नशिबी!

शेवटी मायलेकींचा तह झाला तो टॉवेलवर. रोज सकाळी आठच्या आत काकूंनी गॅलरीतल्या दोरीवर टॉवेल टाकायचा. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या निवृत्त कंपाउंडरनं तो बघायचा आणि लेकीला फोन करून 'टॉवेल दिसला' एवढंच कळवायचं. रंग ठरवायलाही लेकीनं पुरेसा वेळ घेतला. लाल नको, कारखान्यात लाल म्हणजे धोका. हिरवा नको, कुंड्यांत हरवेल. पांढरा तर सगळेच वाळत घालतात. शेवटी असा पिवळाधमक टॉवेल आला की कंपाउंडरच्या मोतीबिंदूलाही तो चुकवता येऊ नये.

"ज्या दिवशी आठला टॉवेल दिसणार नाही," लेक म्हणाली होती, "त्या दिवशी मी येऊन तुला घेऊन जाणार. मग चर्चा नाही."

"आणि मी नुसतीच विसरले असेन तर?"

"विसरलीस तर मग नक्कीच."

तेव्हापासून काकू आठच्या ठोक्याला जेवढ्या भ्यायच्या तेवढ्या यमालाही भ्यायल्या नसत्या. पण टॉवेल एकदाही चुकला नाही, आणि त्यामुळेच बाकीचा दिवस काकू कुठे असतात हे कुणी विचारलं नाही. काकू तलावावर असायच्या.

झालं होतं असं. दुकान सोडण्याआधीचं शेवटचं काम होतं पोहण्याच्या तलावावर, कपडे बदलण्याच्या खोल्यांना पडदे लावायचं. माप घेऊन निघताना काकूंना दिसलं की पाण्याच्या मधोमध त्यांच्याच वयाची एक बाई पाठीवर पडून छताकडे बघत निवांत तरंगतेय, जणू दुपारची घरच्या दिवाणावर आडवी झालीय. पाणी म्हटलं की काकूंना बादलीपलीकडचं काही झेपत नसे. तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग घेतलेलं माप त्यांनी पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी ते चुकल्यासारखं वाटतंय म्हणून तिसऱ्यांदा घेतलं. आणि पडदे लागल्यावर नाव घालून आल्या.

लेकीला यातलं काही सांगितलं नव्हतं. ओल्या फरशीवर आईनं चप्पल न घालता चालणं, हे ऐकूनच ती आजारी पडली असती.

कित्येक महिने काकू उथळ भागात दांडा धरून पाय मारत होत्या. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असे आणि सांगायचं ते सगळं त्या शिट्टीनंच सांगत, म्हणून सगळ्या त्यांना शिट्टीबाई म्हणत. एक दिवस शिट्टीबाईंनी शिट्टी तोंडातून काढून चक्क शब्दांत सांगितलं, की उद्या वर्ग सकाळी लवकर आहे आणि उद्या काकूंनी खोल भागात दांडा सोडायचा आहे. त्या रात्री काकू गॅस बघायला सात वेळा उठल्या.

सकाळी त्यांनी चहात मीठ घातलं. चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधला. पिवळा टॉवेल नेहमीसारखा खांद्यावर घेऊन गॅलरीकडे निघाल्या, मध्येच पिशवीत टोपी ठेवली का ते बघायला वळल्या, टोपी होती, गॅस बंद केला का बघितलं, पुन्हा बघितलं, कुलूप लावलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत जिना उतरल्या. फोन नेहमीप्रमाणे घरीच ठेवला, तो पाण्यात पडेल ही भीती होती.

खोल भागात काकूंचे हातपाय गार पडले, आणि त्यात पाण्याचा काही दोष नव्हता. दांडा त्यांनी असा धरला होता की तो भिंतीतून उपटून आला असता. शिट्टीबाईंनी मानेखाली हात दिला. "खाली बघू नका," त्या म्हणाल्या. "वर बघा."

हे तर शिडीचंच सूत्र! काकूंनी वर बघितलं. बोटं एकेक करून सुटली. कानांत पाणी शिरलं आणि सगळे आवाज बंद झाले. कुकर नाही, फोन नाही, आठचा ठोका नाही. छताजवळच्या उंच काचांमधून ऊन आत आलं होतं आणि ते पाण्यावर पसरून काकूंच्या पोटापर्यंत पोचलं होतं. जन्मभर खिडकी दिसली की कापड किती लागेल हेच काकूंच्या मनात यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, या खिडकीला पडदा नकोच. आणि मग लक्षात आलं की मानेखालचा हात केव्हाच निघून गेलाय. काकू तरंगत होत्या! अगदी एकट्या. त्यांना इतका आनंद झाला की रडू आलं, आणि तलावात रडण्याची सोय ही की कुणाला कळत नाही.

याच आनंदात त्यांनी मान जराशी वळवली. भिंतीवरचं घड्याळ दिसलं. आठ वाजून गेले होते. घड्याळाखाली कठड्यावर त्यांचा टॉवेल वाळत होता. पिवळाधमक.

काकू दगडासारख्या खाली गेल्या.

शिट्टीबाईंनी बांबू पुढे करून त्यांना काठाला लावलं. काय झालं, चक्कर आली का, असं त्या विचारत होत्या, पण काकूंनी ओल्या पोशाखावरच कपडे चढवले, घाईत पाण्यात पडलेला टॉवेल तसाच पिशवीत कोंबला आणि निघाल्या. डोक्याला घट्ट बसलेली रबराची निळी टोपी काढायचं त्यांना भान राहिलं नाही. रस्त्यानं माणसं वळून वळून बघत होती. काकूंना वाटलं, बातमी सगळीकडे पसरली.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्या थबकल्या. कंपाउंडर आपल्या गॅलरीत उभे होते. एका हातानं दुर्बीण डोळ्याला लावलेली, दुसऱ्या हातानं फोन कानाला. ऐकायला कमी येत असल्यानं जग बहिरं आहे अशा समजुतीनं ते बोलत आणि गल्ली अरुंद, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्यांनाच मिळत असे.

"नाही दिसत, बाई," ते लेकीला सांगत होते. "मी मघापासून बघतोय. फोन वाजतोय आतमध्ये, उचलत नाहीत. सेक्रेटरी सुताराला घेऊन वर गेलेत. दार तोडू का विचारतायत."

लेक निघाली होती. दाराची दुसरी किल्ली तिच्याकडे होती आणि ती येईपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही, असं तिनं फर्मावलं होतं. काकूंच्या डोळ्यांपुढे ती पट्ट्यांची खिडकी खाली खाली येऊ लागली.

आता एखाद्या शहाण्या बाईनं सरळ वर जाऊन 'अहो, मी ही इथे' म्हटलं असतं. पण मग केस ओले का, डोक्यावर निळी टोपी का, पिशवीत पिवळा टॉवेल कसा? आणि मुख्य म्हणजे, विसरलीस का? विसरलीस तर मग नक्कीच! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, काकूंच्या पाठी तर सुरक्षा अधिकारी होती.

भीतीनं माणसाची बुद्धी बंद पडते असं म्हणतात. काकूंची उलट सुसाट सुटली. त्यांनी विचार केला, टॉवेल जर आपोआप दोरीवर दिसला तर? तर तो आधीपासूनच तिथे होता, आणि कंपाउंडरच्या मोतीबिंदूनं घोटाळा केला! बिचाऱ्याचं ऑपरेशन व्हायचंच होतं, कुणालाही पटलं असतं. आपण नंतर भाजीची पिशवी घेऊन यायचं आणि विचारायचं, काय हो, एवढी गर्दी कसली? एका म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर आपण आळ घेतोय हे काकूंना कळत होतं. पण ते उद्या बघू, आज जीव वाचवू, असं त्यांनी ठरवलं.

कंपाउंडरची दुर्बीण वरच्या मजल्यावर खिळली होती, त्यामुळे तिच्या खालून निळ्या टोपीतली बाई सहज निसटली. मागच्या जिन्यानं काकू थेट गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीशेजारच्या खोपटात त्यांच्या धंद्याचं उरलंसुरलं सामान होतं. पडद्याची दोरी घेतली, टॉवेलला चिमटे लावले, खालच्या कडेला पडदा ताठ राहावा म्हणून लावतात ते शिशाचं वजन अडकवलं आणि कठड्याशी गेल्या. बरोबर खाली त्यांची गॅलरी होती. काकूंनी खाली बघितलं नाही. टॉवेलकडे बघितलं आणि दोरी सोडायला सुरुवात केली.

समोरून कंपाउंडरचा आवाज आला. "आला! टॉवेल आला!"

काकू कठड्यामागे बसल्या. हात तेवढे वर, दोरी धरून.

"हो हो, दिसला," कंपाउंडर म्हणाले. मग जरा थांबून, "वरून आला."

काकूंनी अंदाजानं दोरी झुलवली. गॅलरीतल्या दोरीवर टाकायचा म्हणजे तो तिथल्या कठड्याच्या आत जायला हवा, पण पाण्यानं जड झालेला टॉवेल बाहेरच हेलकावे खात होता. त्यांनी तो थोडा ओढून घेतला.

"पुन्हा वर गेला," कंपाउंडर लेकीला म्हणाले. "खाली येतोय. नाही, परत वर. बाई, त्यातून पाणी गळतंय."

काकूंना दरदरून घाम फुटला. आधीच ओल्या, त्यात घाम! दोरी सोडावी तर टॉवेल गल्लीत, धरून ठेवावी तर कंपाउंडर बोलतच राहणार. बाकी त्यांच्या ध्यानात आलं नाही ते हे, की लेकीनं हे सगळं कारखान्यातल्या हिशोबानं ऐकलं होतं आणि एव्हाना ती इमारतीच्या दारात पोचली होती. टॉवेल वरून येतोय, म्हणजे आई घरात नाही, आणि गच्चीवर कुणीतरी आहे.

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. काकू घाईघाईनं उठल्या, आणि आता निदान हा एक झोका नीट बसू दे म्हणून कठड्यावरून कमरेपर्यंत पुढे वाकल्या. त्याच वेळी गच्चीचं दार उघडलं. सेक्रेटरींच्या हातात छत्री होती, सुताराच्या हातात हातोडी, आणि दोघांच्या पुढे लेक, कारखान्यातून तशीच निघालेली, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

काकूंनी वळून बघितलं. त्यांना वाटलं, आता वीज कोसळणार. पण लेक ओरडली नाही. हलली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता आणि हात हवेत तसेच राहिले होते, एखादं ताट पडताना माणूस धरायला जातो तसे.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "मागे ये. हळूच. मी काही बोलणार नाही. फक्त मागे ये."

काकूंनी हा आवाज ओळखला. झोपण्याआधी गॅस बंद आहे ना, असं स्वतःला विचारताना त्यांचा स्वतःचाच आवाज असा व्हायचा. हेल्मेट घातलेली, बूट घातलेली, अख्ख्या कारखान्याला शिस्त लावणारी आपली पोर आपल्याइतकीच भित्री आहे, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. टॉवेल आपल्या जिवासाठी नव्हताच. तो तिच्या जिवासाठी होता. काकूंना तिची इतकी दया आली की स्वतःची भीती घटकाभर बाजूला राहिली आणि हातातली दोरीही सुटली. खाली गल्लीत काहीतरी थपकन पडल्याचा आवाज आला.

काकू मागे आल्या. "मी पोहायला गेले होते," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"खोल पाण्यात."

सेक्रेटरींनी छत्री खाली केली. लेक पाण्याच्या टाकीला टेकून हळूहळू खाली बसली. बराच वेळ ती आईच्या डोक्यावरच्या निळ्या टोपीकडे बघत होती.

"तुला पाण्याची भीती वाटते, आई."

"वाटते की. अजूनही वाटते," काकू म्हणाल्या. "सगळ्याचीच वाटते गं मला. पण बाकीच्या भीतीच्या पलीकडे काही नसतं, दुसरी भीती असते. हिच्या पलीकडे तरंगता येतं." मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. उंच काचा, ऊन, सुटलेला दांडा, मीठ घातलेला चहा आणि खांद्यावरून पिशवीत गेलेला टॉवेल. बोलताना त्या हसत होत्या आणि थरथरत होत्या, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं चाललंय ते सुताराला कळेना.

लेकीनं डोळे पुसले. पण नियम तो नियम. "आठला टॉवेल नव्हता," ती म्हणाली. आवाजात पुन्हा कारखाना आला होता.

"होता!"

दारात कंपाउंडर उभे होते. रस्ता ओलांडून, सगळे जिने चढून आले होते आणि त्यांना धाप लागली होती. "टॉवेल आठच्या आधीपासून दोरीवर होता," ते ठासून म्हणाले. "माझ्याच डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू आहे. हवं तर लिहून देतो."

हे सांगताना त्यांच्या डोक्यावर आणि एका खांद्यावर पिवळाधमक टॉवेल होता. तो चिमट्यांसकट वरून त्यांच्यावर पडला होता आणि त्याचं पाणी त्यांच्या सदऱ्यावर ठिबकत होतं. जो आळ काकू त्यांच्यावर घालायला निघाल्या होत्या तो हा माणूस आपणहून अंगावर घेत होता. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंपाउंडरलाही मग टॉवेल जाणवला. त्यांनी तो काढला, नीट घडी केला आणि लेकीकडे बघितलं. "त्यांना नेऊ नका, बाई," ते या वेळी इतक्या हळू म्हणाले की त्यांना स्वतःला ऐकू आलं नसेल. "दवाखाना सुटल्यापासून मला सकाळी उठायला काही कारणच नव्हतं. हा टॉवेल आल्यापासून मी दाढीसुद्धा रोज करतो."

लेकीनं हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं आणि विचार केला. शेवटी निकाल दिला. आई इथेच राहील. पोहायलाही जाईल, पण चप्पल न घालता ओल्या फरशीवर चालायचं नाही. टॉवेल मात्र आठलाच दिसला पाहिजे, त्यात सवलत नाही. आणि ज्याअर्थी पोहायच्या दिवशी आई घाबरलेली असते, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती जबाबदारी द्यायची नाही हा कारखान्यातला पहिला नियम आहे, त्याअर्थी त्या दिवशीची टॉवेलची ड्यूटी कंपाउंडरकाकांकडे. दुसरी किल्ली तिनं तिथल्या तिथे त्यांना देऊन टाकली.

तेव्हापासून सगळं सुरळीत चाललंय. वर्ग आता सकाळी लवकरच असतो, म्हणून पोहायच्या दिवशी काकू पहाटेच देवाचं नाव घेत बाहेर पडतात. आठच्या जरा आधी कंपाउंडर दाढी करून रस्ता ओलांडतात, कुलूप उघडतात, टॉवेल दोरीवर टाकतात, कोपरे सारखे करतात, कुलूप लावून घरी जातात, दुर्बीण डोळ्याला लावतात आणि लेकीला फोन करून सांगतात, "टॉवेल दिसला. सगळं ठीक आहे." लेक निर्धास्त कामाला लागते.

या सगळ्यात आपण जिवंत आहोत का हे कुणीच बघत नाही, ही गोष्ट काकूंच्या एकदा खोल पाण्यात पाठीवर तरंगताना लक्षात आली. क्षणभर त्या घाबरल्या. मग त्यांनी वर बघितलं, आणि हे आपण बोललोच नाही तर बरं, असं ठरवून टाकलं.